मदत हवी आहे: एनपीची बोर्ड परीक्षा, एएएनपी की एएनसीसी? (तातडीचं)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मे महिन्यात माझं एनपी पूर्ण होतंय. बोर्डाची परीक्षा एएएनपीची द्यावी की एएनसीसीची? शुक्रवारी अर्ज भरायचाय आणि वर्गात निम्मे इकडे, निम्मे तिकडे. ज्यांनी दिलीय त्यांनीच सांगा प्लीज. गूगल करून झालंय. नाइट करून आलेय, झोपते आता. संध्याकाळी उत्तरं बघेन.

बापू_भगूरकर
एनपी म्हणजे काय ते तरी सांगा. मी आधी एनपीएस वाचलं आणि पेन्शनचा धागा समजून आलो.

शिरीषफूल
बापू, नर्स प्रॅक्टिशनर. अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स) झाल्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट करून पेशंट तपासणं, निदान करणं, औषधं लिहिणं. एएएनपी आणि एएनसीसी या त्याची परीक्षा घेणाऱ्या दोन संस्था.

गोदाकाठ, कुठलं एनपी? फॅमिली (एफएनपी), अ‍ॅडल्ट-जेरो (प्रौढ आणि वृद्धांचं), सायक, पीडिअ‍ॅट्रिक? राज्य कुठलं? त्याशिवाय सांगणार काय!

अटकेपार
डोळे मिटून एएनसीसी. मी तीच दिली. नावापुढे एफएनपी-बीसी लागतं, भारदस्त दिसतं. पुढे कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर रिसर्च, पॉलिसी, नेतृत्व हे सगळं त्या परीक्षेत येतं, त्या निमित्ताने वाचून होतं.

कोकणकडा
अटकेपार, म्हणूनच ती देऊ नये! ऐन परीक्षेत ‘कुठल्या सिद्धान्तानुसार बदल घडवाल’ याचं उत्तर शोधायला कुणाला वेळ आहे? एएएनपी सरळ दवाखान्यातली आहे. १५० प्रश्न, त्यातले १५ नुसते चाचणीचे, तीन तास. खोकला, साखर, रक्तदाब, गरोदर बाईला चालणारं अँटिबायोटिक. संपलं. दोन्ही सर्टिफिकिटं सगळ्या राज्यांत चालतात. भारदस्त वगैरे काही नसतं, पगाराच्या स्लिपवर तुमचं बीसी आणि एएएनपीचं सी सारखेच.

अटकेपार
सोपी परीक्षा हवी असेल तर तसं सांगा ना.

कोकणकडा
सोपी नाही म्हटलं, कामाची म्हटलं.

गोदाकाठ
एफएनपी हो, अजून काय असणार! टेक्सास. आता तरी सांगा.

सांगलीची_मावशी
धागाकर्तीची माफी मागून मध्येच विचारते. माझी भाची सांगलीत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करतेय, शेवटचं वर्ष. तिला थेट अमेरिकेत हे एनपी करता येईल का? एजंट म्हणतो सहा महिन्यांत पाठवतो.

शिरीषफूल
मावशी, एजंटाला आधी दारातूनच नमस्कार करा. थेट काही नाही. आधी तिकडची आरएन, म्हणजे कागदपत्रांची तपासणी आणि एनसीएलईएक्स ही लायसन्सची परीक्षा. एनपीच्या मास्टर्सला बहुतेक ठिकाणी बीएस्सी नर्सिंग लागतं. म्हणजे जीएनएमवर पोस्ट बेसिक बीएस्सी करा, नाहीतर इकडे येऊन आरएन-टू-बीएसएन. मग आरएन म्हणून एक-दोन वर्षं काम, ३.० च्या आसपास जीपीए, स्टॅटिस्टिक्सचा एक विषय, तीन शिफारसपत्रं आणि ‘मला एनपी का व्हायचंय’ हा निबंध. जीआरई बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत हल्ली. कॉलेजला सीसीएनई किंवा एसीईएनची मान्यता आहे ना, एवढं डोळ्यांत तेल घालून बघायचं. मान्यता नसेल तर शेवटी परीक्षेलाच बसू देत नाहीत. आणि ती एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणार असेल तर पूर्ण ऑनलाइन कोर्स तिच्या कामाचा नाही.

माझी खरी दमछाक नावापायी झाली. मार्कलिस्टवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर तेच. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. इथल्या तपासणीवाल्यांना वाटलं, या दोन वेगवेगळ्या बायका आहेत! सासऱ्यांनी गॅझेटचं पान शोधलं, कॉलेजातून ट्रान्सक्रिप्ट पुन्हा मागवलं. पाकीट आलं तर फ्लॅपवरचा शिक्का अर्धा पाकिटावर, अर्धा टेबलावर राहिलेला. तेवढ्यावरून परत. सात महिने गेले.

बापू_भगूरकर
भारतातही एनपी आहे ना? माझ्या पुतण्याची बायको करतेय, आयसीयूचं.

शिरीषफूल
आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स. चांगला आहे, पण त्यावर इथल्या बोर्ड परीक्षेला बसता येत नाही. त्यासाठी इथल्याच मान्यताप्राप्त कॉलेजची पदवी लागते.

निवृत्त_स्टेथोस्कोप
मी पस्तीस वर्षं फिजिशियन होतो, म्हणून स्पष्ट बोलतो. पाचशे तास क्लिनिकल करून पेशंट तपासायचे? आमच्या रेसिडेन्सीत तेवढे तास दीड-दोन महिन्यांत व्हायचे.

कोकणकडा
डॉक्टर, पाचशे हा किमान आकडा आहे आणि नव्या निकषांत तो ७५० झालाय. शिवाय आत येणारी माणसं कोरी नसतात, खाटेशेजारी वर्षं काढलेली असतात. हे सुरूच मुळात कशासाठी झालं? १९६५ साली कोलोरॅडोत लॉरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून. डॉक्टर पोचत नव्हते तिथल्या मुलांना कुणी बघायचं, हा प्रश्न होता. म्हणजे निम्मा दोष तुमच्याच जातभाईचा.

निवृत्त_स्टेथोस्कोप
इतिहास ठाऊक आहे. खाटेशेजारची वर्षं आणि निदानाची वर्षं एक नव्हेत, एवढंच म्हणतो. चांगल्या एनपींबरोबर कामही केलंय. हल्ली नर्स म्हणून वर्षभरही काम न करता पोरं प्रवेश घेतात, त्याचं काय?

कोकणकडा
याला मात्र +१.

अटकेपार
हे सगळं टेक्सासमध्ये तसंही डॉक्टरशी लेखी करार केल्याशिवाय चालत नाही. औषध लिहायचं तर करार हवाच. अ‍ॅरिझोनात या, स्वतःच्या नावाची पाटी लावा. मी लावलीय.

गोदाकाठ
माझ्या प्रश्नावर कुणी येणार आहे का? आज बुधवार आहे.

शिरीषफूल
येतेय. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. तुम्ही नाइट म्हणालात, म्हणजे हॉस्पिटलात आहात. कुठलं युनिट? आणि पास झाल्यावर नोकरी कुठे ठरलीय?

गोदाकाठ
मेडिकल आयसीयू, सात वर्षं. नोकरी तिथेच. मॅनेजर म्हणालीय, पास हो आणि आपल्याच युनिटला एनपी म्हणून ये. म्हणून तर घाई. याचा परीक्षेशी काय संबंध?

शिरीषफूल
ताई, आहे संबंध. एफएनपीचं शिक्षण प्रायमरी केअरचं. तुम्ही क्लिनिकल कुठे केलंत? फॅमिली प्रॅक्टिस, बालरोग, स्त्रीरोग, असंच ना? आयसीयूत एनपी म्हणून लाइन टाकणं, व्हेंटिलेटरच्या ऑर्डरी देणं, व्हेजोप्रेसर (रक्तदाब वाढवणारं औषध) वरखाली करणं हे अ‍ॅडल्ट-जेरो अ‍ॅक्युट केअरचं काम. त्याचा अभ्यासक्रम वेगळा, परीक्षाही वेगळी. ती एएएनपी घेतच नाही. एएनसीसी घेते किंवा क्रिटिकल केअर नर्सेसची संघटना. म्हणजे तुमच्या प्रश्नातली दोन्ही उत्तरं तुम्हाला त्या युनिटमध्ये नेणार नाहीत.

गोदाकाठ
असं कसं? सात वर्षं व्हेंट, सीआरआरटी (सतत चालणारं डायलिसिस), कोड सगळं केलंय मी. नवीन रेसिडेंटला मीच सांगते काय करायचं ते.

कोकणकडा
करताय, पण आरएन म्हणून. एनपीची कक्षा एनपीचं शिक्षण आणि सर्टिफिकेट यांवरून ठरते, नर्स असतानाचा अनुभव त्यात धरत नाहीत. २००८ च्या कन्सेन्सस मॉडेलपासून (एनपींच्या परवान्यांची सामाईक चौकट) राज्यं त्याच वाटेने गेली. टेक्सास बोर्डही त्याच नजरेने बघतं.

अटकेपार
इतकं घाबरवू नका. माझ्या ओळखीतली एक एफएनपी दहा वर्षं हॉस्पिटलिस्ट टीममध्ये (भरती पेशंट बघणारी) आहे.

शिरीषफूल
दहा वर्षांपूर्वी लागली ना! अशा पुष्कळ आहेत. आता हॉस्पिटलची क्रेडेन्शियलिंग कमिटी फाइल उघडते आणि पहिलं सर्टिफिकेट बघते. नर्स मॅनेजरच्या हातात ते नसतं. गोदाकाठ, उद्या मॅनेजरला विचारू नका. मेडिकल स्टाफ ऑफिसला फोन करा आणि एकच विचारा, ‘एफएनपीला आयसीयूत प्रिव्हिलेज, म्हणजे काम करायची परवानगी, देता का?’

निवृत्त_स्टेथोस्कोप
क्रेडेन्शियलिंग कमिटीवर मी सहा वर्षं होतो. शिरीषफूल यांचं बरोबर आहे. काही उलटसुलट झालं की वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, या व्यक्तीला हे करायचं शिक्षण होतं का. म्हणून कमिटी घाबरते.

सांगलीची_मावशी
अगं बाई! मग भाचीने कुठलं घ्यावं?

कोकणकडा
मावशी, आधी एनसीएलईएक्स होऊ द्या. पण तत्त्व तेच, नोकरी कुठे करायचीय ते ठरवून मग ट्रॅक निवडायचा. आम्ही सगळे उलटं करतो. ‘एफएनपी घेतलं की सगळीकडे चालतं’ असं कुणीतरी सांगतं आणि आपण घेतो.

गोदाकाठ
फोन केला. नाही म्हणाले. बाई गोड बोलत होती, पण नाही ते नाही. मॅनेजरला माहीतच नव्हतं. ब्रेकरूममध्ये जाऊन रडले थोडी, मग डबा खाल्ला.

अ‍ॅडमिशनच्या वेळी एकानेही विचारलं नाही, पुढे काम कुठे करणार. निबंधात मी आयसीयूबद्दलच लिहिलं होतं, दोन पानं! वाचलं कुणी असेल तर ना. सव्वाशे तास तर प्रीसेप्टर (हाताखाली क्लिनिकल करून घेणारा) शोधण्यात घालवले, पैसे भरून एक मिळवला.

आता काय करू?

शिरीषफूल
फुकट काही गेलेलं नाही. एफएनपीची परीक्षा द्याच. मग अ‍ॅक्युट केअरचं पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट. कॉलेज तुमचं ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून काय झालंय, काय राहिलंय ते बघतं. पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी, फिजिकल असेसमेंट हे तीन पी झालेले असतात, ते सहसा पुन्हा करावे लागत नाहीत. क्लिनिकलचे तास मात्र अ‍ॅक्युटचे नव्याने, पाचशेच्या वर धरून चाला. पण प्रीसेप्टर तुमच्याच आयसीयूत आहेत, एफएनपीसारखी वणवण नाही. तुमच्या इंटेन्सिव्हिस्टला (आयसीयूच्या डॉक्टरांना) आजच विचारून ठेवा. प्रवेशाआधी कॉलेजला दोनच प्रश्न विचारायचे, टेक्सासमधला विद्यार्थी घेता का, आणि प्रीसेप्टर शोधायचा कुणी.

तोवर एफएनपी म्हणून क्लिनिकमध्ये काम करता येतं. किंवा आरएन म्हणूनच राहा, त्यातही काही कमी नाही.

अटकेपार
आणि आता तर एएनसीसीच! अ‍ॅक्युटची पण तिथेच देता येईल.

कोकणकडा
दोन वेगळ्या परीक्षा आहेत हो. एक एएएनपीकडून, दुसरी एएनसीसीकडून असं खुशाल चालतं. गोदाकाठ, एएएनपी देताय तर तास आणि विषय पूर्ण झाले की पदवी हातात यायच्या आधीही बसता येतं. पदवीची नोंद असलेलं ट्रान्सक्रिप्ट पोचलं की मग सर्टिफिकेट सोडतात.

गोदाकाठ
अर्ज भरला. एएएनपी. इंटेन्सिव्हिस्ट म्हणाले, शंभर तास तरी माझ्याकडे कर. अ‍ॅक्युटसाठी दोन कॉलेजांना मेल टाकलाय. क्लिनिकचं काय ते जूनमध्ये बघू.

नाव भरताना मात्र शिरीषफूल यांची आठवण झाली. आयडीवर जसं तसंच नाव टाका म्हणतात. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवर नवऱ्याचं नाव पूर्ण आहे आणि नर्सिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर. बोर्डाला मेल केलाय.

सांगलीची_मावशी
म्हणजे भाचीने लग्नाआधीच ट्रान्सक्रिप्ट मागवून ठेवावं का? डिसेंबरची तारीख काढलीय.

शिरीषफूल
मागवून काय करणार, ते कॉलेजकडूनच थेट जावं लागतं. लग्नानंतर नाव बदलू नको म्हणावं.