जुन्या नाशकातली भुतांची रात्रफेरी: अनुभव धागा

रात्री जुन्या नाशकातून भुताखेतांच्या गोष्टी सांगत फिरायचं आणि मधे-शेवटी बारमध्ये टेकायचं, असा बेत बरेच जण आखतात. ज्यांनी अशा फेऱ्या चालवल्यात त्यांनी काय जमतं, काय फसतं ते लिहा. भूत दिसलं का, ते इथे नको.

*

रविवार कारंजावर जमायचं, सराफ बाजारातून सरकारवाडा, मग खाली गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे. वाट किलोमीटरभराचीच, पण थांबे धरून सव्वा तास जातो. साडेआठच्या आत निघू नका; शटरं पडेपर्यंत हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. माणसं बारा, फार तर पंधरा. त्यापुढे मागच्याला ऐकू जात नाही, कोणीतरी स्पीकर काढतो आणि वरच्या खिडकीतून आजी ओरडतात. त्यांचं बरोबरच आहे, वाड्याचा ओटा म्हणजे त्यांचं घर.

पावसाळ्यात नदीतल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाहून ठरवा. पाणी त्याच्या पायाला लागलं असेल तर घाट रद्द. पूर ओसरल्यावरही पायऱ्यांवर गाळ राहतो, आणि अंधारात तो दिसत नाही, पाय गेल्यावरच कळतो.

*

जागा पाहून भूत निवडा. पिंपळाखाली मुंजा, पाण्याशी गिऱ्हा, बोळात वाट चुकवणारा चकवा. चकव्याची गोष्ट नाशकात सगळ्यात चालते: अर्धी सांगायची, टॉर्च बंद करायचा, साठेक पावलं सगळ्यांना गप्प चालवायचं, वळसा घालून पुन्हा त्याच दारापाशी आणायचं आणि शेवटचं वाक्य तिथं टाकायचं. मात्र बोळ आदल्या रात्री त्याच वेळेला चालून पाहा. दिवसा उघडं असलेलं लोखंडी दार रात्री कुलपात असतं, मग चकवा तुम्हालाच लागतो.

गोष्ट पाच मिनिटांची. सातव्या मिनिटाला मोबाईल उजळतात. हनुवटीखालून तोंडावर टॉर्च मारणं स्नेहसंमेलनापुरतं ठीक.

*

प्रत्येक थांब्याला भूत लागतंच असं नाही. नारोशंकराच्या देवळाची घंटा पोर्तुगीजांकडची, वसईच्या स्वारीतून आलेली. तिला पाणी लागलं म्हणजे महापूर, एवढं सांगितलं तरी लोक नदीकडे बघतात. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तो प्रसंग इतिहास म्हणूनच सांगा. त्यात भूत घुसवलं की जाणकार तिथूनच परततात.

*

रामकुंडावर एकही गोष्ट नको. तिथं लोक अस्थी घेऊन येतात. सर्वपित्री अमावास्या जाहिरातीला छान वाटते, पण त्या पंधरवड्यात फेरीच ठेवू नये. आणि भूत उतरवून दाखवणं, गंडे वाटणं असले खेळ तर अजिबात नको. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

*

आता बार. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये प्लास्टिकच्या ग्लासात दारू घेऊन रस्त्यानं चालता येतं, म्हणून तिथं गोष्टींच्या मधे थांबे बसतात. आपल्याकडे रस्त्यावर पिणं दारूबंदी कायद्यात गुन्हा आहे. शिवाय इथले बार जुन्या वाड्यांत नाहीत, मधे थांबलं की गोष्टीची वीण उसवते, आणि दोन पेगनंतर लोक हडळीशी गप्पा मारायला लागतात. एकच थांबा, तोही शेवटी, पंचवटीपासून लांब. रिक्षा आधी ठरवून ठेवा, गाड्या रविवार कारंजाला आणू नका असं बुकिंगलाच बजावा.

वाइन-बिअरला २१, कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. ओळखपत्र बुकिंगच्या वेळीच पाहा, बारच्या दारात नाही. दारूचे पैसे तिकिटात धरू नका, विक्रीचा परवाना बारचा असतो, तुमचा नाही. गट मिश्र वयाचा असेल तर नाशिकचीच शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन बरी पडते: तीस-तीस मिलीचे पाच घोट म्हणजे एक ग्लास, आणि बिल आवाक्यात.

ड्राय डेची यादी आधी बघा. मतदान संपेपर्यंतचे ४८ तास लोक हमखास विसरतात. त्या रात्री मसाला दूध.