नवीन बिल्डिंगचं नाव (सुखनिवास सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी, बी-६: नमस्कार मंडळी. रीडेव्हलपमेंटसाठी बिल्डरकडून तीन नावं आलीत. टॅमरिंड ग्रँड, एलिझियम, आणि तिसरं मला नीट वाचता येत नाहीये, पीडीएफ टाकतो. रविवारच्या मीटिंगआधी मत कळवा

बी-२: एलिझियम भारी आहे. रीसेलला चालेल

ए-११ काका: अरे बाळा, एलिझियम म्हणजे ग्रीक लोकांचा मेल्यावरचा स्वर्ग. आम्ही सत्तरीचे, लिफ्ट बंद पडली की तीन मजले उतरताना देव आठवतो, आणि तू डायरेक्ट तिकडे पझेशन देतोयस 😄

बी-२: 😂 सॉरी काका

ए-३ काकू: नाव भारी नको, हाक मारता येईल असं पायजे. माझ्या बहिणीच्या सोसायटीत विंगांची नावं अझेलिया, बिगोनिया, कॅमेलिया. गेल्या पावसाळ्यात रात्री दीडला भावजींच्या छातीत दुखायला लागलं, अँब्युलन्सवाला फोनवर विचारतोय कुठली विंग, ही ओरडतेय कॅमेलिया, तो म्हणे कमला? मग त्याने गेटवर विचारलं कमला कुठे, तर वॉचमन म्हणाला कमलाबाई ना, त्या आज्जी सी विंगला, सरळ जा. म्हणजे नशिबाने बरोबर पोचले, कारण कॅमेलिया म्हणजेच सी विंग!! भावजी आता ठणठणीत आहेत पण माझी बहीण अजून पत्ता सांगताना "कमलाबाईंची विंग" म्हणते

बी-९: आमच्याकडे पण गॅसवाला सुखनिवास म्हणतच नाही, चिंचेची बिल्डिंग म्हणतो. रिक्षावालेही तेच

ए-११ काका: तेच म्हणतोय मी. लोकांना जे डोळ्यासमोर दिसतं ते नाव टिकतं. आपल्या पुण्यातली देवळंच बघा, पत्रा होता म्हणून पत्र्या मारुती, आजूबाजूला पासोड्या म्हणजे जाड चादरी विकायला बसायचे म्हणून पासोड्या विठोबा. फर्ग्युसन रोडचं कागदावरचं नाव गोपाळ कृष्ण गोखले पथ आहे, गोखल्यांबद्दल आदर सगळ्यांना, पण कोणी म्हणतं का? नवा पूल १९२३ चा, शंभरी उलटली तरी नवाच

बी-२: मग तर टॅमरिंड ग्रँड बरोबरच आहे ना काका, चिंच म्हणजेच टॅमरिंड

ए-३ काकू: मग चिंच म्हण की सरळ. चिंचवडला टॅमरिंडवड केलं का कोणी? मुंबईत चिंचपोकळी आहे, चिंच बंदर आहे, काही बिघडलं नाही त्यांचं

सेक्रेटरी, बी-६: एक मिनिट. हे फक्त प्रोजेक्टचं नाव आहे, ब्रोशरवर आणि महारेराच्या सरकारी नोंदणीत जाणारं. सोसायटीचं रजिस्टर्ड नाव सुखनिवासच राहतं. ते बदलायचं तर जनरल बॉडीचा ठराव, पोटनियम दुरुस्ती, उपनिबंधकांची मंजुरी, आणि मग प्रत्येकाने आधार, बँक, लाइट बिल, सगळीकडे पत्ता बदलत बसायचं. मी तरी सेक्रेटरी असेपर्यंत नाही करणार हे

बी-९: आणि त्याच पीडीएफच्या पान ४ वर वॉचमनचं नवीन पद आहे, फॅसिलिटी असोसिएट. मी मामांना सांगितलं, त्यांनी एकच विचारलं, पगार किती वाढणार?

ए-३ काकू: बरोबर विचारलं. आम्ही मामाच म्हणणार, पण आधी त्यांच्या केबिनला पंखा बसवा

बी-२: सगळे चिंचेवर खूश असाल तर एक दाखवू का. पान ७. चिंच आत्ता गेटच्या डावीकडे आहे ना, प्लॅनमध्ये तिथे पोडियम पार्किंगचा रॅम्प आहे

ए-११ काका: म्हणजे झाड तोडून त्याचंच नाव लावणार??

बी-९: लकडी पुलाला पण कुठे लाकूड राहिलंय काका 🙏

ए-११ काका: विषय तो नाही. तिथला लाकडी पूल १७६१ चा, तो केव्हाच गेला. ही चिंच मी १९७८ ला राहायला आलो तेव्हाच दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागत होती. झाडांच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरतात. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय फांदीला हात लावता येणार नाही. सेक्रेटरी साहेब, बिल्डरच्या अर्जात झाडाचं वय काय लिहिलंय?

सेक्रेटरी, बी-६: बघतो... २० वर्षे लिहिलंय

ए-३ काकू: २०!!! माझा मुलगा ३४ चा आहे, पाचवीत असताना त्याच फांदीवरून पडून हात मोडला होता. एक्सरे अजून कपाटात आहे, आणू का मीटिंगला

सेक्रेटरी, बी-६: आणा काकू. आणि कोणीतरी खोडाचा घेर मोजून ठेवा, नावाचं नंतर बघू

बी-२: मी खालीच आहे. मामांकडे टेप आहे. थांबा

बी-२: ९ फूट ४ इंच. फोटो टाकतो, मामा म्हणतायत आधी ए-११ ची ॲक्टिव्हा बाजूला घ्या, खोड दिसत नाहीये

ए-११ काका: आलो