कॅम्पर व्हॅनवाल्यांनी नाशिकजवळच्या अंजनेरी-ब्रह्मगिरी डोंगरांच्या पायवाटा दुरुस्त कराव्यात का?

वाटसरू_नाशिक
मला हे मनापासून वाटतं म्हणून धागा काढतोय. अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन फिरणारे लोक, त्यातले बरेच रिटायर झालेले, एखाद्या जंगलात सीझनभर मुक्काम टाकतात, आठवड्याचे ठरलेले तास पायवाटांवर किंवा कॅम्पग्राउंडवर काम करतात आणि बदल्यात गाडी लावायला जागा, बऱ्याच ठिकाणी वीज-पाणी फुकट मिळतं. तिथल्या राष्ट्रीय जंगलांतल्या स्वयंसेवकांसाठी १९७२ साली कायदाच झाला. जवळपास ३,५०० किलोमीटरची अ‍ॅपलेशियन ट्रेल मुख्यतः स्वयंसेवकांच्या हातांवर टिकून आहे.

आपल्याकडेही आता व्हॅन बनवून घेणारे वाढलेत, २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन धोरणही आलं. मग हे लोक अंजनेरीच्या पायथ्याला आठ-दहा दिवस राहून काम का करू शकत नाहीत? आपण रविवारी जातो, प्लास्टिक गोळा करतो, फोटो काढतो आणि परत. ते हवंच, पण वाट त्याने दुरुस्त होत नाही. पावसाचं पाणी वाटेवरूनच धावतं, माती नेतं, मधे घळ पडते, मग माणसं कडेने चालतात आणि वाट दुप्पट रुंद होते. ठराविक अंतरावर तिरके दगड रोवून पाणी बाजूला काढायचं, शॉर्टकट काटेरी फांद्या टाकून बंद करायचे, हे सलग काही दिवस तिथे राहणाऱ्यालाच जमतं. तेही पाऊस सरल्यावर लगेच, नंतर जमिनीत पहार जात नाही.

हर्षेवाडीकडचा
भाऊ, भावना चांगली आहे पण मला पटलं नाही. आमच्या बाजूला भात निघाला की पोरं द्राक्षबागांत मजुरीला जातात, पार दिंडोरी-निफाडकडे. वाट बांधायचं काम निघणार असेल तर ते त्यांना मिळू द्या ना, रोजगार हमी कायदा महाराष्ट्राने १९७७ सालीच केलाय. शहरातला माणूस महागडी व्हॅन घेऊन येणार, तेच काम फुकट करणार, मग मजुरी देऊन ते काम काढेल कोण? आणि दगड कसा बसवायचा ते आमच्या म्हाताऱ्यांना विचारा, बांध घालण्यात जन्म गेलाय त्यांचा.

गोदाकाठची
मी वनस्पतींच्या बाजूने बोलते. अंजनेरीवर सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प आहे, २००६ साली नवीन प्रजाती म्हणून त्याची नोंद झाली आणि ते नावानेच अंजनेरीचं आहे. पावसाळा संपला की वरचा भाग सुकून जातो, कंद तेवढा जमिनीत राहतो. म्हणजे दादा, तुम्ही म्हणता त्याच दिवसांत वरून काहीच दिसत नाही आणि खाली पहार घातली तर कंदच फुटणार. घाणेरीची माजलेली झुडपं काढायच्या उत्साहात लोक काय काय उपटतात ते मी पाहिलंय. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय कुदळ लावणं गुन्हा ठरू शकतो. माहितगार माणूस सोबत नसेल तर माझा ठाम विरोध.

वाटसरू_नाशिक
ताई, परवानगी आणि माहितगार माणूस दोन्ही हवेतच, आणि खोदकाम फक्त आधीच उघड्या पडलेल्या वाटेवर करायचं, कडेच्या गवताला हात लावायचा नाही. अमेरिकेतही कोणी उठून खोदत नाही. स्वयंसेवकाशी लेखी करार होतो, काम करताना इजा झाली तर सरकारी कर्मचाऱ्यासारखी भरपाई मिळते, चेनसॉ चालवायला वेगळं प्रमाणपत्र लागतं.

हर्षेवाडीच्या भाऊंना माझं म्हणणं, मजुरी गावालाच मिळावी, दगड बसवणारा मुकादमही गावचाच असावा. व्हॅनवाले त्याच्या हाताखाली घमेली उचलतील. पण आज ना मजुरी निघतेय ना वाट दुरुस्त होतेय. २०२७ च्या सिंहस्थाला ब्रह्मगिरीवर केवढी माणसं चढतील विचार करा, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या फेरीलाच किती गर्दी असते.

जुना_सिडकोकर
मी स्वतः व्हॅनने फिरतो, माझा मुद्दा साधा आहे. टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करायची? अमेरिकेत कॅम्पग्राउंडला त्याची वेगळी सोय असते. इथे दहा गाड्या आठवडाभर उभ्या राहिल्या तर घाण ओढ्यात जाणार, आणि ब्रह्मगिरीचं पाणी म्हणजे गोदावरीच. आधी नाशिक किंवा त्र्यंबकला एक तरी अधिकृत जागा करा. तोवर गाडी शहरात ठेवा आणि सकाळच्या एसटीने कामाला जा, अंजनेरी काही लांब नाही, त्र्यंबक रोडलाच आहे.

वाटसरू_नाशिक
टाकीचा मुद्दा एकदम बरोबर, ती सोय होईपर्यंत पायथ्याला एका वेळी दोनच गाड्या आणि टाकी शहरात आणून रिकामी करायची, हा नियम मी वनखात्याच्या परवानगीच्या अर्जात लिहीन. पण रोज ये-जा करून काम होत नाही हो, ऊन चढायच्या आत जे होतं तेच काम, आणि एसटी पोचून वर चढेपर्यंत नऊ वाजतात.

हर्षेवाडीकडचा
मग अर्ज वनखात्याला द्यायच्या आधी गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीला द्या, गावकरी आणि वनखातं मिळून जंगल सांभाळतात ती. ग्रामसभेत या, समोर बसून बोला. मजुरीचा आकडा त्या कागदावर आधी लिहा, गाड्यांचं नंतर. आकडा नसेल तर मी तिथेही विरोधच करणार.