मदत हवी आहे : रेशमावरची उझी माशी

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमची थोडी तुती आहे, घरामागं रेशीमअळ्या वाढवायचं कीटकगृह. या बॅचला उझी माशीनं पार वाट लावली की हो!

माशी घरातल्या माशीपेक्षा मोठी, करडी-काळी, पाठीवर चार उभे काळे पट्टे. रेशीमअळीच्या अंगावर खसखशीहून बारीक पांढरं अंडं चिकटवते. दोन-तीन दिवसांत त्यातली माशीची अळी आत घुसते, तिथं काळा डाग पडतो. आठवडाभर आतून खाऊन ती बाहेर येते आणि मातीत, फरशीच्या फटीत कोष करते. रेशीमअळी कोष विणेपर्यंत तगली तर कोषालाच भोक; असला कोष धागा काढणारा रीलिंगवाला हातात धरत नाही. ही पीडा १९८० साली बंगालच्या बेण्याच्या (अंडी घेण्यासाठी ठेवायच्या) कोषांबरोबर कर्नाटकात आली म्हणे.

खिडक्यांना नायलॉन जाळी आहे, पण दाराला एकच पडदा. तिथूनच शिरत असणार.

विचारायचं म्हणजे, अळ्यांवर उझीसाईड (उझीची अंडी मारायचं औषध) मारल्यावर तुतीचा पाला किती वेळानं घालता? माशीच्या कोषावर जगणारे नेसोलिंक्स कीटक बेळगाव, निपाणीकडं कुठं मिळतात? आणि मातीची जमीन असलेल्यांनी फटींचं काय केलं? सिमेंट लगेच परवडणार नाही.