शुगर-बीपीच्या गोळ्या आणि दमा

काही जण म्हणतात की वजन जास्त असलेल्यांना शुगर-बीपीच्या गोळ्यांनी दमा होतो, पण सगळ्याच गोळ्या एका माळेचे मणी नाहीत हो. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांमध्ये तर दम्याचे अटॅक कमीच दिसलेत, अर्थात ते गोळीमुळेच असं ठाम नाही म्हणता येत. जपायचं ते बीटा ब्लॉकर या बीपीच्या गोळ्यांना, प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी आधीच दमा असलेल्याच्या श्वासनलिका आवळू शकते, डॉक्टरला आधी सांगाच. आणि रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, घशात सारखं खवखवतं, कफ काही पडत नाही, तो ब्रॅडिकायनिन नावाचं शरीरातलं रसायन साठल्याने, दमा नव्हे, आणि माणसं बिचारी पंप ओढत बसतात! गोळी मनाने बंद करू नका, टेल्मिसार्टनसारखी दुसरी देतात डॉक्टर बदलून.