'नेमदी'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

खडेबाजारकर:
परवा दुकानात गोकाकचं एक गिऱ्हाईक बोलता बोलता कानडीत म्हणालं, "रोक्का ऐती, नेम्मदी इल्ला". मला लगेच कळलं, पण शेजारी पुण्याचा पाव्हणा उभा होता, त्याला सांगताना अडकलो की. पैसा आहे पण... काय नाही? सुख? शांती? समाधान? रोक्का म्हणजे आपलंच रोख-रोकड, त्याचा प्रश्न नाही. नेमदीला एक शब्द सांगा.

टिळकवाडी_जुना:
समाधान. "चित्तीं असों द्यावें समाधान" म्हणून तुकोबा सांगून गेलेत, विषय संपला.

खानापूरकर:
इतका सोपा नाही ओ काका. "असों द्यावें" ही आज्ञा झाली, म्हणजे समाधान आपलं आपण ठेवायचं असतं, खिशात काही असो नसो. नेमदीचं तसं नाही, ती मिळते नाहीतर मिळत नाही. सोसायटीचं कर्ज डोक्यावर, काजूच्या मोहराच्या टायमाला ढग येऊन बसलेत, पोरीच्या कॉलेजची फी भरायची आहे, अशा माणसाला समाधान ठेव म्हटलं तर तो ठेवतोय सुद्धा, पण रात्री झोप लागत नाही त्याला. आपल्याकडं ह्याला 'जिवाला घोर' म्हणतात, आणि माझ्या मते घोर नसणं म्हणजेच नेमदी, म्हणून जवळचा शब्द 'निर्धास्त' किंवा 'निश्चिंत'. आणि खरं सांगू का, हा घोर पैशानं जातो. सगळा नाही जात, पण दवाखान्याचं बिल, हप्ता, फी एवढा तरी जातोच. 'पैशानं काय सुख मिळतंय व्हय' म्हणणारे बहुतेक करून ज्यांचा घोर आधीच मिटलाय तेच असतात.

वडगाव_मागवाला:
बरोबर. यंत्रमागावर सूत महागलं की समाधानाचा अभंग कुणाला आठवत नाही मर्दा.

निपाणीची_मास्तरीण:
खानापूरकरांच्या बोलण्याला जोड देते. मानसशास्त्रज्ञ काहनेमन आणि अर्थशास्त्रज्ञ डीटन ह्या दोघांनी २०१० साली अमेरिकेतल्या साडेचार लाखांवर उत्तरांचा अभ्यास छापला होता. त्यात त्यांनी दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या, एक रोजचा मूड म्हणजे काल हसलात का, काळजी होती का वगैरे, आणि दुसरी आपल्या एकूण आयुष्याला आपण किती मार्क देतो ती. वर्षाला साधारण ७५,००० डॉलरच्या वर रोजचा मूड काही वाढेना, मार्क मात्र वाढतच गेले. नंतर २०२३ ला काहनेमननीच किलिंग्सवर्थ आणि मेलर्स ह्या संशोधकांबरोबर परत बघितलं तर बहुतेकांचा मूडही पैशाबरोबर वाढत राहतो असं निघालं, जे मुळात फार दुःखी आहेत त्यांचाच एका टप्प्यानंतर अडकतो.

आता गंमत बघा, पेपरवाले त्या मार्कांना सरसकट 'समाधान' लिहितात. पण तो प्रश्न शिडीचा असतो, शून्य ते दहा पायऱ्या, तुम्ही कुठल्या पायरीवर उभे? शिडी म्हटली की माणूस वरच्या पायरीकडं बघणारच, ती तुलना झाली. आपल्या समाधानात तुलना थांबलेली असते. त्याला फारतर 'आयुष्याचा हिशेब' म्हणा.

टिळकवाडी_जुना:
मास्तरीणबाई, शिडीचं पटलं. मग तुकोबांचंच दुसरं घ्या, "जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी". पैसा जोडू नको असं कुठं म्हणालेत? आणि ते 'उदास' म्हणजे रडत रडत खर्च कर असं नाही बरं का, आजकालची पोरं तसाच अर्थ घेतात. उदास म्हणजे जरा बाजूला बसलेला, न गुंतलेला, उदासीनमधला. आता त्याचा अर्थ नुसता 'सॅड' होऊन बसलाय, चांगला शब्द वाया गेला.

शहापूरची_सून:
सगळे एवढं बोलला पण नेम्मदी केंद्र कुणाला आठवलं नाही? कर्नाटक सरकारनं होबळीच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) गावात काढलेली, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मिळायचा, पुढं अटलजी जनस्नेही केंद्र नाव झालं. तुझं उत्पन्न किती ते सांगायला तासभर लायनीत उभं राहायचं आणि वर पाटी 'नेम्मदी'. 😄

शब्दाचं म्हणाल तर मला निर्धास्त पटत नाही, त्यात 'धास्ती' बसलीच आहे. मी 'निवांत' म्हणेन. संस्कृत निवात म्हणजे वारा नसलेली जागा, त्याच्याशी ह्याचं नातं सांगतात. आणि आपण "निवांत ये, घाई नाही" असं पण म्हणतो, म्हणजे त्यात वेळ सुद्धा आला. माझ्या माहेरी पैसा बेताचा होता आणि दुपार निवांत होती, इथं दोन दुकानं आहेत आणि जेवताना फोन वाजतो.

खडेबाजारकर:
मग "पैसा आहे, निवांतपण नाही" असं म्हटलं तर चालेल?

शहापूरची_सून:
चालतंय की. फक्त निवांतपणा म्हणा, निवांतपण जरा कवितेतलं वाटतंय.

खानापूरकर:
कर्जवाल्याला मात्र मी निर्धास्तच म्हणणार, तिथं निवांत चालायचं नाही.