रोलर आहे, वाफसा हुकतो

रोलर नाही म्हणून मैदानाची वाट लागली, असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमच्या मैदानावर रोलर आहे, कडुनिंबाखाली गंजत. फिरवायचा तो पाऊस ओसरल्यावर, वाफसा आला की, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी झाली की. मूठभर माती दाबून गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा. जास्त ओली असेल तर चिखल रोलरलाच चिकटतो, वाळली तर नुसता धुरळा. पुण्याच्या काळ्या मातीत हे दिवस मोजकेच मिळतात आणि नेमका तेव्हाच नवरात्राचा मांडव उभा असतो!

मांडवाची परवानगी एका टेबलावर, गवत दुसऱ्याकडे, पाण्याच्या मोटारीची किल्ली तिसऱ्याच्या खिशात. मांडववाले बांबूचे खड्डे खडीने बुजवून जातात. गेल्या वर्षी अशाच एका खड्ड्यात खो-खोच्या पोरीचा घोटा मुरगळला. तेव्हापासून आम्ही मांडव निघायच्या दिवशीच चुना घेऊन जातो आणि प्रत्येक खड्ड्याभोवती गोल मारून फोटो काढतो. मांडववाला टेम्पो भरायच्या आत खडी काढून माती भरून देतो. या खड्ड्यांबद्दल दिलेल्या अर्जाला उत्तर अजून आलेलं नाही, ते सोडा.